बशीतलं पाणी

खडूच्या डब्यात मोबाइल ठेवला, आवाज टिपायला लावून,
आणि चौथीला शिकवलं नेहमीसारखं.
रात्री पोळ्या लाटताना ऐकलं.
चाळीस मिनिटांत प्रश्न बासष्ट.
वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी मीच निघाले:
प्रश्न माझा,
मग एक सेकंद, कधी तोही नाही,
की उत्तरही माझंच.
पुढच्या बाकावरची दोन-तीन नावं, फोडणीपुरती.
तव्यावरची पोळी करपली.

प्रतीक्षाकाळ.
डी.एड.ला आला होता हा शब्द चार गुणांसाठी.
चारपैकी चार मिळाले होते मला.

झोडापे सर म्हणाले, करा कृतिसंशोधन,
पण तुलनेला दुसरा गट कुठून आणाल?
चौथीची तुकडी एकच. पट एकोणीस.
कापूस वेचायच्या दिवसांत तेरा, कधी अकरा.
आणि असती जरी दुसरी तुकडी,
तिच्यासाठी थांबायचं नाही, असं ठरवून
रोज वर्गात कशी शिरले असते मी?

मग पदराच्या गाठीत तुरीचे दाणे.
प्रश्न विचारायचा, तोंड मिटायचं,
एक दाणा एक सेकंद,
डाव्या मुठीतून उजव्या मुठीत.
तिसऱ्या दाण्याला घसा खाजतो.
पाचव्याला बाहेर बकरी ओरडते, कोणीतरी हसतं,
आणि वाटतं, वर्ग हातचा गेला.
केळापूर तालुक्यातली शांतता
मी अशी कधी ऐकलीच नव्हती;
सोळा वर्षं तिच्यावर बोलत आले.

लेतू टेकाम दाराजवळ बसायचा.
पोडावरून चालत येतो, चपला हातात धरून.
माझ्याच अक्षरात त्याच्या नावापुढे नोंद होती:
अबोल. समजत नाही.

त्या दिवशी खिडकीत बशी होती.
सोमवारी भरलेली, गुरुवारी कोरडी.
पाणी कुठे गेलं?
प्रांजूचा हात वर. थांब म्हटलं.
चार. पाच.
आठव्या दाण्याला लेतूचे ओठ हलले, आवाज नाही.
माझं पाणी त्याच्या घरी ईर असतं.
माझा प्रश्न तो आधी घरी नेत होता,
तिथे विचार करून
उत्तर पुन्हा माझ्या भाषेत चालवत आणत होता
आणि पोचायच्या आत, रोज,
मी पुढच्या धड्यावर गेलेली असायचे.

अकरावा दाणा.
"कोठी नाही गेलं, मॅडम.
अथीच आहे. दिसून नाही राह्यलं."

मूठ उघडली गेली. दाणे फरशीवर.
पोरं वेचायला धावली, तास तिथेच संपला.
तक्त्यात त्या दिवसाची वेळ अपूर्ण आहे.

अहवालात मी मर्यादा लिहिल्या, खऱ्या.
नमुना लहान.
निरीक्षकही मीच, दोषीही मीच.
जानेवारीत बोलणारी पोरं चारावरून अकरावर गेली,
ती माझ्या थांबण्यानं, की कापूस संपून वर्ग भरला म्हणून,
की तुरीचे दाणे बघायची गंमत म्हणून,
सांगता येत नाही.
झोडापे सरांनी या वाक्याखाली रेघ मारली.
चूक म्हणून की बरोबर म्हणून, विचारलं नाही मी.
लेतूपुढची ती नोंद मात्र खोडली नाही.
आकडा बदलला तर जुना दिसायला हवा, हा नियमच आहे.
शेजारी तारीख टाकली, आणि त्याचं वाक्य, त्याच्याच बोलीत.

मार्चमध्ये केंद्रप्रमुख आले, मोटारसायकल तापलेली.
वर्गात शिरता शिरता विचारलं,
"सांगा, ढग कशाचे बनतात?
बाष्पाचे! बरोबर की नाही?"

कोणी हो म्हणालं नाही.
एकोणीस तोंडं त्यांच्याकडे बघत राहिली,
आणि प्रांजू हळूच म्हणाली,
"थांबा नं, सर.
लेतू येऊन राह्यला."